घरच्या सोलरचं काम नीट चाललंय का, हे स्वतः कसं तपासायचं (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागासाठी)

पाऊस लागला की आमच्या वडगावात सोलर बसवलेल्या घरांत एकच काळजी सुरू होते. एप्रिलमध्ये दिवसाला चौदा-पंधरा युनिट देत होतं, आता पाच-सहा देतंय, पॅनल बिघडले काय? पहिल्या जुलैत मलाही तसंच वाटलं, बसवणाऱ्याला चार वेळा फोन केला, तो म्हणाला ढग आहेत हो, दुसरं काही नाही. ढग होते हे खरंच होतं. पण माझ्या सहा पॅनलपैकी दोनांवर सकाळी टाकीची सावली येत होती, ती एप्रिलच्या शेवटापासून येत होती, आणि ती मला कळली पुढच्या वर्षी मे महिन्यात. म्हणजे एक अख्खा उन्हाळा-पावसाळा युनिट गेले आणि मी ढगांना दोष देत बसलो.

तुमचं असं होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय. नुसते युनिट बघून काही कळत नाही. त्या दिवसांत छतावर ऊन किती पडलं ते धरायचं आणि युनिट त्याने भागायचे, मग पॅनलची तब्येत कळते. गणित चौथीच्या पोराला येईल एवढंच आहे, घाबरू नका.

१) आधी हे कागद आणि सामान एका जागी आणा

कागद:
- पॅनलची डेटाशीट (मॉडेल नंबर पॅनलच्या मागच्या स्टिकरवर असतो, त्यावरून कंपनीच्या साइटवर पण मिळते)
- बिल, ज्यात प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर लिहिलेला आहे
- पॅनल आणि इन्व्हर्टर दोन्हीची वॉरंटी कार्डं, वेगवेगळी असतात
- हेस्कॉमबरोबर (आपली वीज कंपनी) झालेल्या नेट मीटरिंग कराराची झेरॉक्स, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजायचा करार
- बसवणाऱ्या एजन्सीबरोबरचा करार
- मीटर बदलल्या दिवशीचं रीडिंग आणि त्यानंतरची सगळी लाइट बिलं

सामान: एक वही, मोबाइलमधलं होकायंत्र, उतार मोजायचं ॲप, आणि एक लांब काठीचा मऊ मॉप. बस. क्लॅम्प मीटर वगैरे वायरमनकडे असतो, तुम्ही घेऊ नका.

एजन्सीबरोबरचा करार बऱ्याच जणांकडे नसतोच, सह्या करून घेतात आणि कॉपी देत नाहीत. तो मागून घ्या, शेवटच्या पायरीला तोच कामाला येतो. आपल्याकडे बहुतेक घरांनी पीएम सूर्यघर योजनेतून बसवलंय. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे मिळून जास्तीत जास्त ७८,००० सबसिडी मिळते, म्हणून घराघरावर ३ किलोवॅटच दिसतं. मी पण उदाहरणं तेवढ्याचीच देतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, सहा पॅनल एकामागे एक जोडले की त्या वायरीत जवळपास ३०० व्होल्ट डीसी असतो आणि ऊन आहे तोवर पॅनल बंद होत नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी उडून हात भाजतो, आग पण लागते. खाली लिहिलेल्या एकाही तपासणीला वायर सोडायची गरज नाही. कोणी सोडून बघ म्हणालं तरी सोडू नका.

२) आपल्या गावाचं ऊन कसं आहे ते समजून घ्या

आपला जिल्हा एकच असला तरी ऊन एकसारखं नाही. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला जून ते सप्टेंबर सूर्य दिसणं मुश्किल, आणि तिकडे अथणीला वर्षाचा मिळून पाऊस साधारण पाच-सहाशे मिलिमीटर. बेळगाव शहर मध्ये. त्यामुळे जांबोटीच्या माणसाने अथणीच्या पाहुण्याचे युनिट ऐकून डोक्याला हात लावायचं काही कारण नाही, दोघांचे पॅनल एकाच कंपनीचे असले तरी जुलैत आकडे दुप्पट-तिप्पट वेगळे येऊ शकतात.

आपल्या भागात वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटच्या आसपास मिळतात. मार्च-एप्रिल सगळ्यात चांगले. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग भरून येतात म्हणून तीननंतर आलेख एकदम खाली पडतो, ते दोष नाही. जुलै-ऑगस्ट सगळ्यात कमी. ऑक्टोबरपासून परत वर. डिसेंबरात दिवस लहान असतो पण आकाश स्वच्छ आणि हवा गार, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा बरं येतं.

आकडे कुठून घ्यायचे? दोन जागा, दोन्ही फुकट.

ग्लोबल सोलर ॲटलास, जागतिक बँकेची साइट आहे. नकाशावर आपलं गाव शोधायचं, पॅनलचा उतार आणि दिशा घालायची, ते महिन्या-महिन्याचं अंदाजे उत्पादन दाखवतं. पण ही अनेक वर्षांची सरासरी आहे, या वर्षीचा जुलै कसा गेला ते यात नाही.

दुसरं नासा पॉवर. इथे तारखेवार प्रत्यक्ष ऊन मिळतं, उपग्रहावरून काढलेलं, किलोवॅट-तास प्रति चौरस मीटर या मापात. इथे दोन फसव्या जागा आहेत. एक म्हणजे याचा चौकोन एक अंशाचा असतो, म्हणजे शंभरेक किलोमीटर लांब-रुंद, त्यात घाटाचा पाऊस आणि पूर्वेचं कोरडं रान मिसळून एकच आकडा येतो. दुसरी म्हणजे हा आकडा सपाट जमिनीवर पडलेल्या उन्हाचा असतो, तुमचे पॅनल तिरके आहेत. दक्षिणेकडे १५ अंश उतार असेल तर डिसेंबरात पॅनलवर सपाटीपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊन पडतं, आणि जूनमध्ये उलट थोडं कमी.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला राहणाऱ्यांनी मात्र पावसाळ्यात उपग्रहापेक्षा शेजाऱ्यावर विश्वास ठेवावा. गावात अजून एकाकडे सोलर असेल तर दोघांनी एकाच दिवसाचे युनिट आपापल्या किलोवॅटने भागून बघा. तो तीन आणि तुम्ही दोन असाल तर ढगांचं कारण चालणार नाही, ढग दोघांवर सारखेच होते. याच्याइतकी सोपी आणि खरी तपासणी मला दुसरी सापडलेली नाही.

३) रीडिंग नेमकं कुठलं घ्यायचं

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. आमची निपाणीची आत्या दोन महिने सांगत होती की सोलर फक्त दीडशे युनिट देतंय. जाऊन बघितलं तर ती नेट मीटरवरचा एक्स्पोर्टचा आकडा वाचत होती. एक्स्पोर्ट म्हणजे घरात वापरून उरलेली आणि बाहेर गेलेली वीज. दिवसा फ्रिज, पंप, मिक्सर, पंखा जे काही सोलरवर चाललं ते त्यात धरलेलंच नसतं. एकूण किती तयार झालं ते इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये बघायचं, वेगळा सोलर मीटर बसवला असेल तर त्याच्यावर.

काही नेट मीटरवर नाव लिहिलेलं नसतं, नुसते कोड फिरतात. १.८.० दिसलं की त्यानंतरचा आकडा बाहेरून घेतलेल्या विजेचा, २.८.० दिसलं की बाहेर दिलेल्या विजेचा. हा हिशोब दर महिन्याला जुळवून बघा: इन्व्हर्टरचे युनिट वजा एक्स्पोर्ट म्हणजे घरात थेट वापरलेले सोलर युनिट. हा आकडा उणे येत असेल तर कुठेतरी मोठी गडबड आहे, वायरिंग नाहीतर मीटर, लगेच सेक्शन ऑफिसला अर्ज द्या.

बिल शून्य आलं म्हणजे सोलर भारी चाललंय असं मानू नका. कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना आल्यापासून सोलर नसलेल्या कितीतरी घरांचं बिलसुद्धा शून्यच येतंय. बिल हे सोलर तपासायचं साधन नाही.

रीडिंग दिवस मावळल्यावर घ्या, रोज शक्य नसेल तर दर रविवारी आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी नक्की. ॲप आहे म्हणून वही नको असं करू नका. वायफाय बंद पडलं की ॲपमध्ये मधले दिवस कोरे राहतात, मग नंतर रडत बसावं लागतंय.

४) मुख्य गणित

याला परफॉर्मन्स रेशो म्हणतात, सगळे पीआर म्हणतात. आयईसी ६१७२४ नावाच्या जागतिक मानकात हीच पद्धत आहे.

पीआर = महिन्याचे तयार झालेले युनिट ÷ (पॅनलचे किलोवॅट × महिन्याचं एकूण ऊन)

पॅनलचे किलोवॅट म्हणजे पॅनलवर लिहिलेल्या वॅटची बेरीज, इन्व्हर्टरवर लिहिलेलं नाही. ५४५ वॅटचे ६ पॅनल असतील तर ३.२७.

समजा एप्रिलमध्ये पॅनलवर रोजचं सरासरी ऊन ६ किलोवॅट-तास प्रति चौरस मीटर आलं. ३.२७ × ६ × ३० = ५८९. तुमचे युनिट झाले ४४१. भागाकार ०.७५, म्हणजे ७५ टक्के.

समजा जुलैत ऊन ३.५ वर आलं. ३.२७ × ३.५ × ३१ = ३५५. युनिट झाले २८४. भागाकार ०.८०, म्हणजे ८० टक्के.

बघा, जुलैत युनिट दीडशेने कमी आणि तरी पॅनल जास्त चांगलं काम करतंय. हवा गार आहे, काच रोज धुतली जातेय. हे समजलं की पावसाळ्यातली निम्मी भीती जाते. आणि उलट पण समजतं, एप्रिलमध्ये युनिट भरपूर दिसत असताना सुद्धा पीआर ६५ वर आलेला असू शकतो, तेव्हा कोणी तक्रार करत नाही कारण आकडा मोठा दिसतोय.

७५ ते ८० च्या मधे असेल तर निवांत रहा. सत्तरच्या खाली दोन महिने सलग आलं तर पुढच्या पायऱ्यांनी कारण शोधा. दोन-तीन टक्क्यांच्या वर-खालीवर झोप घालवू नका, उपग्रहाचा आकडाच तेवढा नेमका नसतो. वर्षावर्षाने थोडी घसरण होणारच. बहुतेक वॉरंटीत पहिल्या वर्षी दोनेक टक्के आणि नंतर दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरलेली असते, तुमच्या कार्डावर जो आकडा आहे तो बघा.

५) ३ किलोवॅटचं पॅनल ३ किलोवॅट का दाखवत नाही

पॅनलवर लिहिलेले वॅट प्रयोगशाळेतले आहेत. १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि पॅनलचं स्वतःचं तापमान २५ अंश, अशा परिस्थितीतले. आपल्याकडे भर दुपारी पॅनल २५ अंशावर असणं होतच नाही.

डेटाशीटमध्ये दोन आकडे शोधा. एक एनओसीटी, म्हणजे नेहमीच्या उन्हात चालताना पॅनल किती तापतं तो आकडा, साधारण ४५ अंश. दुसरा तापमानाचा गुणांक, म्हणजे एक अंश तापमान वाढलं की किती टक्के वीज कमी होते तो आकडा. पॅनलच्या जातीप्रमाणे तो बदलतो, मोनो पर्क पॅनलला अंशामागे उणे ०.३५ टक्क्यांच्या आसपास, टॉपकॉनला उणे ०.३० च्या आसपास. कडक उन्हात पॅनल हवेपेक्षा तीसेक अंशाने जास्त तापतं. एप्रिलमध्ये बेळगावात हवा ३६ तर पॅनल ६७. पंचवीसपेक्षा ४२ अंश जास्त. ४२ × ०.३५ = जवळजवळ १५ टक्के. हे गेलेच, त्यात कोणाची चूक नाही. वर धूळ, वायर आणि इन्व्हर्टरचे थोडे धरले तर ३.२७ च्या पॅनलने दुपारी अडीच किलोवॅटच्या आसपास दाखवलं की ठीक आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे, वारं पण असतं, त्यामुळे आपल्याला अथणी-रायबागपेक्षा हा तोटा थोडा कमी. पण पॅनल पत्र्याला चिकटवून बसवले असतील तर वारं खालून जात नाही आणि हा फायदा वाया जातो. पत्र्याचं घर असेल तर खाली वीतभर तरी मोकळी जागा ठेवायला सांगा.

ही तपासणी ढग नसलेल्या दिवशी साडेबाराला करा, बाराला नाही. आपण भारतीय वेळेच्या रेषेपेक्षा आठ अंश पश्चिमेला आहोत म्हणून सूर्य आपल्याकडे अर्धा तास उशिरा मध्यावर येतो. आणि ढगांच्या फटीतून एकदम ऊन आलं की स्क्रीनवर क्षणभर खूप मोठा आकडा दिसतो, ढगाच्या कडेवरून पण प्रकाश पडत असतो म्हणून. तो फोटो काढून ग्रुपवर टाकतात लोक, त्यावरून काही ठरवू नका.

६) सावली, आणि उत्तरेची टाकी

हे मी भोगलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझं सोलर डिसेंबरात बसवलं. टाकी पॅनलच्या ईशान्येला. बसवणारा म्हणाला सूर्य दक्षिणेकडून जातो, उत्तरेच्या टाकीची सावली पॅनलवर पडणार नाही. त्या दिवशी ते डोळ्यांनी दिसत पण होतं. पण बेळगाव १५.८ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटापर्यंत दुपारी सुद्धा तो आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तरेकडे सरकलेला. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊला टाकीची सावली थेट माझ्या पॅनलवर.

म्हणून सावली वर्षातून दोनदा तपासा. एकदा २१ डिसेंबरच्या आसपास, तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो, भर दुपारी सुद्धा क्षितिजापासून ५१ अंशच. एक मीटर उंच कठड्याची सावली तेव्हा दुपारी ८० सेंटिमीटरच्या वर जाते, सकाळी नऊला त्याहून खूप लांब. आणि दुसऱ्यांदा मेच्या मध्यावर, ढग भरायच्या आत. सकाळी ८, ९, १० आणि दुपारी ३, ४, ५ ला जिन्यावर जाऊन फोटो काढायचा. तारीख-वेळ फोटोत येऊ दे.

सगळे पॅनल माळेसारखे एकमेकांना जोडलेले असतात, एकावर सावली आली की करंट अडतो. आतले बायपास डायोड पॅनलचा तेवढा भाग वगळून पुढे जायला मदत करतात, पण सावली हाताएवढी असली तरी तोटा हाताएवढा नसतो, पॅनलचा तिसरा हिस्सा सहज जातो. केबलची वायर, डिशचा दांडा, कपडे वाळत घालायची दोरी, शेजारच्या नारळाची झावळी, हे सगळं धरा. ॲपमधला आलेख बघितला तरी कळतं, ढग असले की आलेख दातेरी आणि रोज वेगळा दिसतो, सावली असली की रोज त्याच वेळेला तोच खड्डा.

मी शेवटी टाकी हलवली. प्लंबरचा खर्च झाला पण पॅनल हलवण्यापेक्षा कमी.

७) धूळ, राख, शेवाळ

तालुका बदलला की घाण बदलते. चिकोडी, रायबाग, अथणी, संकेश्वर पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या पाचटाची काजळी आणि कारखान्याची राख, ती चिकट असते, नुसत्या वाऱ्याने जात नाही. बेळगाव-खानापूर रस्त्याकडच्या गावांना तांबडी धूळ. जांबोटी-कणकुंबीकडे उलटं, धूळ नाही पण पावसाळ्यात पॅनलच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं.

किती नुकसान होतंय ते मोजायचं असेल तर सोपं आहे. स्वच्छ उन्हाच्या सलग तीन-चार दिवसांचे युनिट लिहा, पॅनल धुवा, पुढच्या तीन-चार स्वच्छ दिवसांचे लिहा. फरक म्हणजे घाण. जानेवारी-फेब्रुवारीत हे करा, तेव्हा आकाश एकसारखं असतं. फरक पाच टक्क्यांच्या वर निघाला तर तुमच्याकडे पंधरा दिवसांनी धुवायला हवं, दोन टक्केच निघाला तर महिन्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात धुवायची गरज नाही, शेवाळ आणि पक्ष्यांची घाण तेवढी बघा.

सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात आणि मग निघता निघत नाहीत, म्हणून नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, नाही तर धुऊन लगेच पुसून काढा. साबण पावडर नको, तारेचा चोथा तर अजिबात नको. पॅनलवर पाय देऊन चढू नका, वरून दिसत नाही पण आतला सेल चिरतो.

८) पॅनल ठीक, पण लाइटच नाही

ऑनग्रिड, म्हणजे हेस्कॉमच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद होतं, लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसं केलेलं असतं. त्यामुळे मेंटेनन्ससाठी दिवसभर लाइट काढली तर त्या दिवसाचं उत्पादन जवळजवळ शून्य. वहीत "लाइट नव्हती, १० ते ४" असं लिहून ठेवा आणि पीआर काढताना तो दिवस युनिट आणि ऊन दोन्हीतून वगळा. खानापूरच्या जंगलभागातल्या गावांत पावसाळ्यात झाडं पडून लाइट जाते तेव्हा हे फार महत्त्वाचं, नाहीतर पॅनलला उगीच नावं ठेवली जातात.

व्होल्टेजचं अजून बारीक आहे. आमच्याकडे यंत्रमाग चालू असले की व्होल्टेज ठीक, बंद असलेल्या दिवशी दुपारी चढतं, आणि मर्यादेच्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून सुटतो, पाच-दहा मिनिटांनी परत लागतो. भर उन्हात आलेख मधेच शून्यावर जात असेल तर ॲपमध्ये ओव्हर व्होल्टेजचा एरर आहे का बघा. कधी दोष लाइनचा असतो, तेव्हा हेस्कॉमला अर्ज. कधी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक आणि लांब टाकलेली असते, तेव्हा एजन्सीकडून जाड केबल टाकून घ्यायची.

९) तक्रार करायची वेळ आली तर

योजनेतल्या ग्राहक-एजन्सी कराराच्या नमुन्यात दोन गोष्टी आहेत, सुरू करताना पीआर ७५ टक्के असला पाहिजे, आणि पाच वर्षं तो एजन्सीने राखला पाहिजे. तुमच्या करारात ते कलम आहे का उघडून वाचा. असेल तर "युनिट कमी येतात" असं म्हणायचंच नाही, "पीआर ६६ आहे, करारात ७५ आहे" असं म्हणायचं. मी असं लिहून दिल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस आला, आधी महिनाभर फोन उचलत नव्हते.

अर्जाबरोबर हे लावा: तीन महिन्यांच्या पीआरचा तक्ता, लाइट नसलेले दिवस वेगळे काढून. सावली नसल्याचे तारखेसह फोटो. धुण्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे. स्वच्छ दिवसाच्या आलेखाचा स्क्रीनशॉट. पॅनलचे सिरियल नंबर. फोनवर बोलू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. माणूस आला की प्रत्येक पॅनलचा व्होल्टेज आणि करंट त्याला मोजायला लावा, आकडे तुमच्या वहीत त्याच्याच हाताने लिहून त्याची सही घ्या. एखादं पॅनल बाकीच्यांपेक्षा वेगळं निघालं तर ती वॉरंटीची केस, ते बदलून येईपर्यंत जुन्या पॅनलच्या स्टिकरचा फोटो डिलीट करू नका, कंपनी तोच नंबर मागते.